गेले होते, म्हणजे परत आले

इथे लीड्समध्ये आमच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट हवी असेल तर सकाळी ठीक आठला फोन लावायचा. आठ वाजून दोन मिनिटं झाली की तुमचा नंबर सतरावा. पहिल्याच हिवाळ्यात मी तापाने फणफणले होते. अर्धा तास फोनवरची पिपाणी ऐकल्यावर रिसेप्शनिस्ट बाई आल्या आणि मी मनात घोकून ठेवलेलं वाक्य म्हटलं, "आय हॅड फीव्हर फॉर थ्री डेज."

"ओ गुड! सो यू आर बेटर नाउ?"

अंगात १०२ ताप, आणि ही बाई 'गुड' म्हणतेय!

चूक माझीच होती. 'हॅड' म्हटलं की इथल्या कानाला ताप येऊन गेलेला ऐकू येतो. अजून अंगात असेल तर 'हॅव हॅड' म्हणायचं. गंमत अशी की 'आय ॲम हॅविंग फीव्हर सिन्स थ्री डेज' हे चुकीचं, एवढं मला पक्कं माहीत होतं. आपल्याला एका 'पासून'मध्ये सगळं भागवायची सवय, त्यामुळे तिथे घसरायला होतं, हेही माहीत होतं. ते टाळायला गेले आणि शुद्ध व्याकरणात स्वतःला बरं करून बसले. तेच अशुद्ध वाक्य बोलले असते तर बाईंना बरोबर कळलं असतं.

याहून चिवट खोड मात्र मला कित्येक महिने कळलीच नाही. सोमवारी सकाळी ऑफिसच्या किचनमध्ये वीकएंड कसा गेला, हे विचारायची रीत आहे. मी म्हणाले, "आय हॅड गॉन टू यॉर्क ऑन सॅटरडे." समोरची मैत्रीण कपातली टीबॅग चमच्याने दाबत थांबली. किटली बंद झाली तरी ती माझ्याकडेच बघतेय.

"अँड?"

"अँड नथिंग. इट वॉज नाइस."

इंग्रजीतलं 'हॅड गॉन' बहुतेक वेळा एकटं येत नाही. ते पुढच्या गोष्टीची पायरी असतं: मी यॉर्कला गेले होते आणि तेवढ्यात घरचा बॉयलर फुटला, असं काहीतरी. बिचारी बॉयलरची वाट बघत होती. नुसतं सांगायचं तर साधं 'आय वेंट'.

पुण्याच्या ऑफिसात मला हे कोणी सांगितलं नाही, कारण तिथे सगळेच 'हॅड गॉन'वाले. आम्ही पाचवीपासून इंग्रजी शिकलेली पिढी (पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, तोवर आम्ही पुढे निघून गेलो होतो). गो-वेंट-गॉन पाढ्यासारखं तोंडपाठ. पण कुठलं कधी काढायचं हे आपलं मन मराठीतच ठरवतं. आणि मराठीत 'होते'ला मोठं काम असतं. 'आई बाजारात गेली' म्हटलं की आई घरात नाही. 'आई बाजारात गेली होती' म्हटलं की ती पिशवी घेऊन परत आलीय. 'खिडकी उघडली होती', म्हणजे बहुधा पुन्हा लावली. मी यॉर्कला जाऊन आलेच होते, मग 'गेले होते'च म्हणणार ना? म्हणून 'हॅड' लावलं. मला तरी यात अडाणीपणा दिसत नाही. उलट मी जरा जास्तच काटेकोर बोलत होते, फक्त मराठीच्या हिशेबाने.

आणि इथले लोक तरी कुठे पुस्तकातलं बोलतात? यॉर्कशरमध्ये 'आय वॉज सिटिंग'ला सर्रास 'आय वॉज सॅट' म्हणतात, कोणी 'आय वेअर सॅट'सुद्धा. आमच्या शाळेतल्या बाईंनी वही फेकली असती. न्यू जर्सीची मावसबहीण 'डिड यू ईट येट?' विचारते, इथे 'हॅव यू ईटन?' ऐकू येतं. आपल्याला काय, दोन्हीचा अर्थ 'जेवलीस का?'

आता ही गाडी उलटी धावायला लागलीय. लेक इथेच जन्मली, सात वर्षांची आहे. मराठी बोलते, पण तिचे काळ इंग्रजी. गेल्या उन्हाळ्यात तिला रायगड दाखवून आणलं. परवा व्हिडिओ कॉलवर आजी तिला शिवाजी महाराजांची गोष्ट सांगत होती. लेकीला 'आय हॅव बीन टू रायगड' म्हणायचं होतं, तर ती ऐटीत म्हणाली, "आजी, मला माहितीये. मी रायगडावर गेली आहे."

आजीने चष्मा वर करून स्क्रीन जवळ घेतली.

"गेली आहेस? अगं बाई, मग ही माझ्यासमोर कोण बसलीय?"