स्कॅन स्वच्छ आला, मग चुकलं कुणाचं?

मी एमआरआय तंत्रज्ञ आहे. स्कॅन आटोपून दार उघडलं की बाहेर थांबलेल्या आईबाबांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दिसलं का हो काही?" रिपोर्ट देणं माझं काम नाही, ते रेडिओलॉजिस्टचं. पण ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) निदान झालेल्या मुलांचे रिपोर्ट नंतर माझ्याही नजरेखालून जातात, आणि बहुतेकांत शेवटी एकच गोष्ट लिहिलेली असते: मेंदूत लक्षणीय दोष नाही. असा रिपोर्ट हातात घेऊन एका आईनं मला विचारलं, "मेंदू तर चांगला आहे. म्हणजे माझ्याच सांभाळण्यात काही कमी पडलं का?"

नाही ताई. अजिबात नाही. तेव्हा मागे पुढचं मूल ताटकळत होतं, म्हणून बोलणं अर्धवट राहिलं. आज सविस्तर लिहिते.

आमच्या चित्रातला एकेक ठिपका साधारण एक मिलिमीटरचा असतो. मेंदूच्या बाहेरच्या थरात तेवढ्या जागेत हजारो चेतापेशी मावतात, आणि त्यांना जोडणारे सायनॅप्स तर मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढे किंवा त्याहून लहान. गाठ, रक्तस्राव, साठलेलं पाणी, रचनेतला मोठा दोष, हे आम्हाला दिसतं. ऑटिझममधले फरक बहुतेक वेळा त्या एका ठिपक्याच्या आतले असतात.

ते सूक्ष्मदर्शकाखाली सापडले. १९८५ मध्ये बाउमन आणि केम्पर या संशोधकांनी ऑटिझम असलेल्या एका माणसाच्या मेंदूचा मृत्यूनंतर अभ्यास केला, तेव्हा डोक्याच्या मागच्या बाजूच्या लहान मेंदूतल्या (सेरेबेलममधल्या) पर्किंजी नावाच्या मोठ्या चेतापेशी कमी भरल्या. २०११ मध्ये कुर्शेन या संशोधकाच्या गटाला ऑटिझम असलेल्या काही मुलग्यांच्या मेंदूच्या पुढच्या भागात चेतापेशी इतर मुलांपेक्षा सरासरी ६७ टक्के जास्त आढळल्या. अभ्यास छोटा, अवघ्या सात मुलांचा, तरी मला तो फार महत्त्वाचा वाटतो. कारण त्या भागातल्या पेशी प्रामुख्याने गर्भात असतानाच तयार होतात. मूल जन्मून कुशीत येण्याआधी! मग सांभाळण्याचा प्रश्न येतोच कुठे?

स्कॅनमध्ये काहीच कधी दिसत नाही असंही नाही. ज्यांच्या मोठ्या भावंडाला ऑटिझम आहे अशा बाळांचे स्कॅन ठरावीक महिन्यांनी पुन्हापुन्हा काढले गेले. २०१७ मध्ये छापून आलेल्या त्या कामात दिसलं, की ज्यांना पुढे ऑटिझमचं निदान झालं त्यांच्या मेंदूचा पृष्ठभाग सहा ते बारा महिन्यांच्या दरम्यान जास्त वेगानं वाढत होता आणि दुसऱ्या वर्षी आकारमानही. पण ही गटाची सरासरी. एकट्या मुलाचं एकच चित्र बघून निदान करता येत नाही.

मोठ्या डोक्याची नोंद तशी जुनीच. बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमच्या ११ मुलांचं वर्णन केलं, त्यात पाच जणांची डोकी जरा मोठी असल्याचं लिहिलं होतं. ही अवस्था जन्मजात असावी, असंही त्यांनी म्हटलं होतं. त्याच लेखात आईवडील फारसे मायाळू नसल्याचंही एक वाक्य होतं. दुर्दैवानं पुढची वीसेक वर्षं जगानं ते वाक्यच उचलून धरलं आणि कितीतरी आयांना 'थंड आई' म्हणून दोष दिला. मला याचा आजही संताप येतो.

१९७७ मध्ये फोल्स्टाइन आणि रटर या संशोधकांनी जुळी भावंडं तपासली. एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळजवळ सारखीच असतात, वेगळ्या जुळ्यांची साध्या भावंडांइतकीच. एकसारख्या ११ जोड्यांपैकी चार जोड्यांत दोघांनाही ऑटिझम होता, वेगळ्या जुळ्यांच्या दहापैकी एकाही जोडीत नाही. घर तेच, आईही तीच. पुढच्या मोठ्या अभ्यासांत आनुवंशिकतेचा वाटा साधारण ८० टक्के निघाला.

जनुकं मात्र एकदोन नाहीत, शेकडो आहेत. बऱ्याच जणांत खूपशा लहान लहान बदलांची बेरीज असते. काहींत एकच मोठा बदल असतो, आणि तो अनेकदा आईत नसतो, वडिलांत नसतो. स्त्रीबीजात किंवा शुक्रपेशीत नव्यानंच झालेला असतो. सोळाव्या गुणसूत्रावर १६पी११.२ नावाचा एक तुकडा आहे. तो गळाला तर डोकं सरासरीपेक्षा मोठं असण्याकडे कल, दुप्पट झाला तर लहान असण्याकडे. ऑटिझमची शक्यता दोन्हीकडे वाढते. जनुक आणि मेंदूचा आकार यांचं नातं इतकं स्पष्ट फार कमी ठिकाणी दिसतं.

एक मुलगा आठवतो. भूल न देता, कानात बोळे आणि वर हेडफोन लावून आत शांत पडून होता. यंत्र ठकठकायला लागलं की डोकं जराही न हलवता पायाच्या अंगठ्यानं अचूक ताल धरायचा, आणि सिक्वेन्स, म्हणजे स्कॅनचा टप्पा, बदलला की तालही लगेच बदलायचा. रिपोर्ट त्याचाही स्वच्छच आला.

म्हणून स्कॅनला येण्याआधी डॉक्टरांना विचारा, की यातून नेमकं काय शोधायचंय. झटके येत असतील, आलेली कौशल्यं गेली असतील किंवा डोक्याचा घेर फारच वेगळा असेल, तर स्कॅनची गरज पडू शकते. नुसत्या ऑटिझमच्या निदानासाठी तो सरसकट लागत नाही, आणि लहान मुलाला त्यासाठी भूल द्यावी लागू शकते. क्रोमोसोमल मायक्रोअ‍ॅरे आणि फ्रॅजाइल एक्स या रक्ततपासण्यांबद्दल मात्र जरूर विचारा. पहिली गुणसूत्रांचे गळालेले किंवा दुप्पट झालेले तुकडे शोधते, दुसरी एक्स गुणसूत्रावरचा एक आनुवंशिक दोष. फ्रॅजाइल एक्स निघाला तर मावश्यांनाही कळवायला हवं, कारण तो आईच्या माहेरच्यांतही असू शकतो. जनुकांच्या रिपोर्टमध्ये 'अर्थ अनिश्चित' असा एखादा बदल लिहून आला, तर कागद जपून ठेवा आणि दोनतीन वर्षांनी पुन्हा तपासून मागा. माहिती वाढते तसे असे बदल नव्यानं वाचले जातात.