तुम्ही विचारलेत म्हणून : बांबूला फुलोरा कधी येणार?

मी बांबूवर संशोधन करते असे कळले की समोरच्याचा पहिला नाही तरी दुसरा प्रश्न हाच असतो : बेटाला फुलोरा कधी येईल हे तुम्हाला आधी सांगता का येत नाही? विचारणारे शेतकरी असतात, रोपवाटिकावाले असतात, वनखात्यातले असतात. फुलोऱ्यानंतर बेट वाळते हे त्यांना माझ्याइतकेच ठाऊक असते. त्यांना वर्ष हवे असते, आणि ते मी देऊ शकत नाही म्हटल्यावर दोन दाखले हमखास पुढे केले जातात.

पहिला मिझोरमचा. तिथला मौताक बांबू 1911 च्या सुमारास फुलला, 1959 मध्ये फुलला, आणि 2007 ची चाहूल सरकारला आधीपासून होती. मग तुम्हाला का जमत नाही? कारण तिथे डोंगरच्या डोंगर एकाच जातीने आणि एकाच पिढीने व्यापलेले आहेत, तिचे चक्र सुमारे 48 वर्षांचे आहे, आणि 1959 च्या फुलोऱ्यातल्या बियांवर उंदीर माजले, त्यांनी पिके फस्त केली, आणि त्या उपासमारीने मिझोरमचे राजकारणच बदलल्यामुळे तिथल्या माणसांनी ते वर्ष विसरणे शक्य नव्हते. आपल्याकडच्या मानवेल बांबूचे चक्र कुठे पंचवीस वर्षांचे, कुठे चाळिशीपलीकडचे, आणि एकाच तालुक्यात वेगवेगळ्या पिढ्यांची बेटे शेजारी शेजारी उभी असतात.

दुसरा दाखला पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचा. तिथल्या संशोधकांनी नारळपाणी आणि सायटोकायनिन हे वनस्पतींचे संप्रेरक असलेल्या माध्यमात कोवळी बांबूरोपे बाटलीतच फुलवली, त्यांना बी धरले, आणि 1990 मध्ये ते काम ‘नेचर’मध्ये आले. त्या कामाबद्दल मला नितांत आदर आहे. पण फुलोरा अलीकडे ओढता येतो हे त्यातून सिद्ध झाले; मातीतले बेट आपली वर्षे कशी मोजते, हा प्रश्न वेगळा आहे.

ही मोजणी डोळ्यांसमोरच्या बेटाच्या वयाची नसते, बियापासून चालत आलेल्या वंशाची असते. कंद काढून दुसरीकडे लावला तरी उलटून गेलेली वर्षे त्याच्यासोबत जातात. हे वाक्य मी व्याख्यानांत सहज बोलत असे. मग गडचिरोली जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा फोन आला.

त्याने बांधावर मानवेल लावला होता आणि तोड नुकती कुठे सुरू झाली होती. मी पोहोचले तेव्हा काठ्यांवर पान उरले नव्हते. पेरापेराशी टोचरे, गोल झुबके धरले होते, काहींतून पिवळे पुंकेसर अजून लोंबत होते. आधी पिकलेले बी खाली पडू लागले होते आणि त्याच्या पत्नीने ते झाडून सुपात भरून ठेवले होते. दाणा गव्हाहून बारीक. तो म्हणाला, “मॅडम, हे बेट म्हातारं नाही ना जी. मीच तर लावलो.” कंद ज्या रोपवाटिकेतून आले होते तिथल्या वहीत नग आणि किंमत होती, मूळ बेट कोणते याची ओळही नव्हती. त्याच गाडीतले कंद नाल्यापलीकडे त्याच्या धाकट्या भावानेही लावले होते, आणि ते बेट अजून हिरवेगार होते.

“त्याचंही जाईन का?” त्याने विचारले. मी हो म्हटले. यंदा नाही तर पुढल्या वर्षी. इतक्या खात्रीने मी तोवर एकही भाकीत केले नव्हते. फुलोरा आला की काठी ठिसूळ होते आणि भाव पडतो, म्हणून पक्व काठ्या आत्ताच विका, असे मी धाकट्याला सांगितले. तो म्हणाला, “हिरव्या बेटाला कुऱ्हाड लावाले सांगता जी?” त्याने निम्म्या काठ्या तोडल्या. उरलेल्या बेटाला पुढल्या हंगामात फुलोरा आला. मला ते थोरल्याकडून कळले. धाकटा माझ्याशी पुन्हा बोलला नाही, आणि त्याचा राग मला अन्यायाचा वाटत नाही.

आता आमची बाजूही ऐका. मेंडेलला वाटाण्याची नवी पिढी दरवर्षी मिळत होती; बांबूची दोन बेटे संकरासाठी एकाच वेळी फुलावी लागतात, आणि त्यांची तिसरी पिढी पाहायला संशोधकाचे आयुष्य पुरत नाही. म्हणून आम्ही जनुकसंचाकडे वळलो. चीनमधल्या मोसो बांबूचा जनुकसंच 2013 मध्ये प्रसिद्ध झाला. काष्ठबांबू प्राचीन संकरांतून घडले आहेत आणि आशियाच्या उष्ण प्रदेशातले बांबू षट्गुणित, म्हणजे गुणसूत्रांचे सहा संच असलेले आहेत, त्यामुळे एकेका जनुकाच्या अनेक प्रती असतात आणि कोणती प्रत काम करते हे ओळखणे फार कष्टाचे असते. फुलोरा सुरू झाल्यावर कोणती जनुके जागी होतात, याची यादी बरीच मोठी झाली आहे. पण ती फुललेल्या बेटाची यादी आहे. तीस-पस्तीस वर्षे गप्प उभ्या असलेल्या बेटात मोजणी कुठे साठते, ते तिच्यात नाही.

जनुकसंच वाचला की घड्याळ सापडेल, असे मी विद्यार्थिदशेत ठामपणे मानत असे. त्या मुलीशी मी आजही भांडते. मी म्हणते, प्रत्येक रोपवाटिकेने मूळ बेटाची आणि त्याच्या मागच्या फुलोऱ्याची नोंद ठेवली असती तर निम्मे उत्तर प्रयोगशाळेशिवाय मिळाले असते. ती म्हणते, वहीतून ‘कधी’ कळेल, ‘का’ कळणार नाही. अमेरिकी जीवशास्त्रज्ञ डॅनियल जॅन्झन यांनी 1976 मध्ये मांडले की एकदम इतके बी पडते की उंदीर-पाखरे खाऊन संपवू शकत नाहीत, आणि उरलेले रुजते; पण त्यासाठी जपानच्या मादाके बांबूने 120 वर्षे का थांबावे? तिला मला गप्प करता येत नाही, मला तिला.

म्हणून तुम्ही वर्ष विचारता तेव्हा मी कंद कुठले, हे विचारते. ते टाळाटाळ म्हणून नव्हे. बियांची रोपे लावलीत तर पूर्ण आयुष्य पुढे असते, पण प्रत्येक रोप वेगळे निघते आणि काठी कशी येईल याचा भरवसा नसतो. एकाच निवडक बेटापासून केलेली रोपे लावलीत तर माल एकसारखा मिळतो आणि मरणही सगळ्यांना एकदम येते. दोन-तीन वेगळ्या ठिकाणची रोपे मिसळून लावा, असे मी सांगते. व्यापारी मिसळ माल घेताना भाव पाडतो, ही तुमची तक्रार खरी आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे अजून तोड नाही.