दिवाळीचे फोटो वेळेत काढले, अडकले ते बाइंडिंगला

‘प्रक्रिया सुरू आहे.’ फोटो छापून देणाऱ्या लॅबच्या वेबसाइटवर माझ्या ऑर्डरींपुढे एवढंच दिसत राहिलं. दिवाळी होऊन गेली तरी हे तीन शब्द आठवले की अजून डोकं तापतं.

मी डोंबिवलीत कुटुंबांचे फोटो काढते. लग्नं घेत नाही. घरी जाऊन आजी-आजोबांसह सगळ्यांचा एक मोठा फोटो, मुलांचे वेगळे, नव्या जोडप्याचे, आणि त्यातून फ्रेम किंवा छोटा अल्बम. वर्षाच्या कमाईचा मोठा वाटा दिवाळीच्या तोंडावर येतो. 2025 मध्ये सर्वपित्री अमावास्या 21 सप्टेंबरला होती. पितृपक्षात आमच्याकडे कोणी नवे कपडे घालून फोटोला उभं राहत नाही, त्यामुळे तोवर शांतता. 22 ला घट बसले आणि फोन सुरू झाले. धनत्रयोदशी 18 ऑक्टोबरला, म्हणजे हातात चार आठवड्यांहून कमी. तेवढ्यात फोटो काढणं, निवड, दुरुस्ती, छपाई आणि घरपोच देणं, सगळं.

बुकिंग आणि फोटो काढण्याचा भाग छान पार पडला. मुलांचे फोटो आधी, मोठ्यांचे नंतर, हा नियम मी कुठेही मोडला नाही, कारण मूल भुकेलं किंवा कंटाळलं की पुढचा तास गेलाच. निवडीसाठी दोन दिवस दिले होते. त्यात कळवलं नाही तर मी निवडीन, हे अ‍ॅडव्हान्स घेतानाच लिहून घेतलं होतं. नाहीतर अमेरिकेतल्या मुलाला विचारते, मग आत्याला दाखवते, असं करत आठवडा जातो. दसऱ्यानंतर फाइली लॅबला चढवल्या तेव्हा मी वेळेच्या पुढे होते आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

लॅबने लेखी दिलं होतं: फ्रेमला कामाचे चार दिवस, अल्बमला सात. चार दिवस गेले, फ्रेम नाही. फोन केला तर ‘मॅडम, प्रिंट झालंय, उद्या निघेल.’ उद्या विचारलं तर ‘बाइंडिंगला आहे.’ त्यानंतर फोन उचलणंच बंद. वेबसाइटवर तेच तीन शब्द. इकडे एका काकूंच्या जावयाचा पहिला दिवाळसण होता, त्याला पाडव्याला फ्रेम द्यायची होती. काकू फार सौम्य. रोज फक्त विचारायच्या, “होईल ना गं वेळेत?” ओरडल्या असत्या तर सोपं गेलं असतं. मी होईल म्हणायचे आणि फोन ठेवून पुन्हा लॅबचा नंबर लावायचे.

शेवटी फास्ट लोकल पकडून लॅबवरच गेले. काउंटरसमोर पेन ड्राइव्ह घेतलेल्या फोटोग्राफरांची गर्दी होती, जवळजवळ सगळे लग्नवाले. मे-जूनमध्ये झालेल्या लग्नांचे अल्बमही लोक दिवाळीआधीच मागतात. तीस-चाळीस पानांचा जाड अल्बम आणि माझी एक फ्रेम यांत आधी काय हाती घेतलं जाणार, ते उघड होतं. काउंटरवरचा मुलगा स्क्रीन माझ्याकडे वळवून म्हणाला, “बघा ना मॅडम, चालू दाखवतंय.” मी म्हटलं, “दादा, मला स्क्रीन नको, माझे फोटो कुठे आहेत ते दाखवा.” बराच वेळ उभी राहिले. हटले नाही. शेवटी मालकांनी आत सोडलं.

आत माझे सगळे प्रिंट एका पाकिटात, वर रबरबँड लावून, रॅकवर पडलेले होते. पाकिटावर छपाईची तारीख होती. ऑर्डर दिली त्याच्या दुसऱ्याच दिवसाची! मशीनमधून प्रिंट काही मिनिटांत वाळून बाहेर पडतो. त्यात कधीच काही अडलेलं नव्हतं. अडलं होतं ते पुढचं हातकाम: लॅमिनेशन, क्रीझिंग (पानाला घडी पाडणं), पेस्टिंग (पानं चिकटवणं), कटिंग, पॅड म्हणजे अल्बमचं कव्हर चढवणं, फ्रेम ठोकणं. त्या टेबलांवर एकच माणूस काम करत होता. बाकीचे गावाला गेले होते. दिवाळी आणि लगेच सहा दिवसांनी छठ, त्यामुळे उत्तर प्रदेश-बिहारकडचे कारागीर दोन्ही सण करूनच परततात. त्यांनी जायलाच हवं, वर्षभर ते त्या टेबलाशी उभे असतात. त्या काकांनी पेस्टिंग करता करता सांगितलं की सगळ्यांची तिकिटं बुकिंग उघडलं त्याच दिवशी काढली होती. रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं. म्हणजे कोण कधी जाणार हे लॅबला ऑगस्टमध्येच ठाऊक होतं, आणि तरी ऑक्टोबरमध्ये माझ्याकडून ऑर्डर घेताना ‘चार दिवस’ लिहून दिलं. माझा राग उशिरावर नाही. खरी तारीख सांगितली असती तर मी दुसरी सोय केली असती.

मी तिथल्या तिथे फ्रेमच्या ऑर्डरी रद्द करून सुटे प्रिंट ताब्यात घेतले. फ्रेमिंगचे पैसे वजा करायला ते तयार नव्हते. ‘पुढच्या बिलात बघू’ म्हणाले. ते मी जुन्या बिलावरच लिहून, सही करून घेतलं. प्रिंट दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये धरून लोकलने घरी आणले. आमच्या गल्लीतल्या फ्रेमवाल्या काकांनी दुकान उशिरापर्यंत उघडं ठेवून त्या ठोकल्या. काकूंची फ्रेम पाडव्याच्या आदल्या दिवशी, लक्ष्मीपूजनाच्या दुपारी, त्यांच्या हातात दिली तेव्हा मला रडू आलं. अल्बम मात्र हातकामाशिवाय होत नाहीत. ज्यांचे राहिले त्यांना 12 बाय 18 इंचांचा एक प्रिंट पाकिटात घालून दिला आणि अल्बम तुळशीच्या लग्नानंतर मिळेल हे स्पष्ट सांगितलं. सगळ्यांनी समजून घेतलं. खरं सांगितलं की लोक ऐकतात, हे लॅबवाल्यांनाही कळायला हवं.

म्हणून ऑर्डर देण्याआधी लॅबला एकच प्रश्न विचारा: पेस्टिंगची माणसं गावाला कधी जाणार? फ्रेम आणि अल्बमची शेवटची तारीख त्यावरून ठरवा, धनत्रयोदशीवरून नाही. आणि प्रिंट व फ्रेम एकाच ठिकाणी देऊ नका. प्रिंट लॅबकडे, फ्रेम जवळच्या माणसाकडे. फ्रेमवाल्याला सांगून फोटो आणि काच यांच्यामध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, घालून घ्या. आपल्याकडच्या दमट हवेत प्रिंट काचेला चिकटतो आणि मग सोडवताना फाटतो.

फोटो काढतानाचंही आता आठवतंय ते सांगते. कॅमेऱ्यातला फोटो 2:3 मापाचा असतो. तो 8 बाय 12 मध्ये पूर्ण बसतो, पण 8 बाय 10 मध्ये लांबीतले दोन इंच जातात. मोठ्या कुटुंबात टोकाला उभ्या असलेल्या मामाचा खांदा तिथेच कापला जातो. दोन्ही बाजूंना जागा सोडूनच फोटो घ्या. घरात एलईडीच्या माळा असतील तर शटर स्पीड 1/100 किंवा 1/50 सेकंद ठेवा. आपली वीज 50 हर्ट्झची, स्वस्त माळा सेकंदाला शंभरदा लुकलुकतात आणि वेगळ्या शटरला फोटोत आडवे पट्टे येतात. सायलेंट (इलेक्ट्रॉनिक) शटर तर बंदच ठेवा, त्यात हे पट्टे जास्तच दिसतात. पणतीच्या उजेडात फ्लॅश लावायचाच असेल तर त्यावर नारिंगी जेल, म्हणजे रंगीत पारदर्शक कागद, लावा, नाहीतर चेहरे निळसर आणि पणत्या केशरी दिसतात. पैठणीच्या जरीवर समोरून फ्लॅश मारू नका, काठ पांढरा होऊन जातो. उजेड बाजूने द्या.

डोंबिवलीत काम करणाऱ्यांसाठी: नरक चतुर्दशीच्या सकाळी फडके रोडच्या आसपास कुठलंही बुकिंग घेऊ नका. नटूनथटून आलेल्या तरुणांची इतकी गर्दी असते की स्टँड लावायला जागा मिळत नाही, गाडी तर नाहीच.

2026 ला अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दिवाळी पुढे जाते, लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. फ्रेमवाल्या काकांशी मी आत्ताच बोलून ठेवलंय. फ्रेमिंगचे पैसे लॅबने अजून वजा केलेले नाहीत. सही केलेलं बिल माझ्याकडे आहे, आणि पैसे मिळेपर्यंत मी फोन करणार आहे.