तुम्ही विचारलंत म्हणून: एल्कसाठी कुठली गोळी?

सप्टेंबर लागला की तुमचा तोच प्रश्न येतो: एल्कच्या, म्हणजे इथल्या त्या थोरल्या हरणाच्या, शिकारीसाठी कुठली गोळी घेऊ? मी ‘तांब्याची’ म्हटलं की लगेच पुढचा: शिशाचं काय वाईट, इथली, कोलोरॅडोतली जुनी माणसं साध्या .30-06 च्या रायफलीने जन्मभर एल्क मारत आली. आली असतील, मी त्यांना खोटं पाडत नाही. पण एका ओळीचं उत्तर मागता आणि दिलं की वाद घालता, म्हणून यंदा सगळं लिहून काढतोय.

कोलोरॅडोचा नियम तुम्हाला पाठ आहे: लागल्यावर उमलणारी गोळी, वजन किमान 85 ग्रेन (साडेपाच ग्रॅम), 100 यार्डांवर (सुमारे 91 मीटर) आघाताची ऊर्जा 1000 फूट-पाउंड. नियमात बसणारी प्रत्येक गोळी फऱ्याच्या, म्हणजे खांद्याच्या, हाडातून आत जातेच असं नाही. हे कळायला माझ्या हातून एक जनावर हकनाक गेलं.

माझी 7 एमएम रेमिंग्टन मॅग्नम रायफल तुम्ही पाहिली आहे. त्या वर्षी तिच्यासाठी मी 140 ग्रेनच्या, पातळ कवचाच्या शिशाच्या गोळ्या निवडल्या. कारण एकच, रेंजवर 100 यार्डांवरची तिन्ही भोकं एका नाण्याखाली झाकली जायची. ‘गोळी कुठे लागते ते बघा, कुठली लागते ते सोडा,’ असं मी ज्याला त्याला सांगायचो.

ऑक्टोबरचा शेवट होता. कोलोरॅडोतल्या फ्लॅट टॉप्स डोंगरांचा उत्तरेकडचा उतार, घोटाभर बर्फ. उजाडता उजाडता अ‍ॅस्पेनच्या झाडीतून नर बाहेर आला. एकेका शिंगाला पाच टोकं. अंतर साठ यार्ड. माझ्याकडे थोडं तोंड करून तिरका उभा होता. मी बार काढला. तो गुडघ्यांवर आला, उठला आणि झाडीत शिरला. पन्नास पावलांत पडलेला सापडेल अशी माझी खात्री होती. अर्धा तास थांबून माग काढायला लागलो. आधी भरपूर रक्त, मग थेंब, आणि एका ओढ्यापाशी तेही संपलं. रुंद खुरांचे ठसे तेवढे राहिले. दोन ठिकाणी तो बसून उठल्याच्या खुणा होत्या, बर्फ तिथे विरघळून लाल झालेला. अंधार पडला आणि रात्री नव्या बर्फाने उरलासुरला मागही पुसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी डोमकावळ्यांमुळे तो सापडला. एका स्प्रूसच्या बुंध्याशी, पोट फुगलेला. थंडीत मांस टिकेल असं वाटतं, पण त्या जाड कातड्याखाली अंगची ऊब तासन्‌तास राहते. मांड्यांचं मांस हाडापाशी आंबलं होतं. मी फरा उघडला. गोळीच्या हाडावरच ठिकऱ्या झाल्या होत्या. वीतभर लगदा, त्यात मोहरीसारखे शिशाचे कण, आणि फुप्फुसापर्यंत एकच चिरफळी पोचलेली. सापडलेला सगळ्यात मोठा तुकडा घरी तोलला: 38 ग्रेन. त्या वर्षीचा टॅग, म्हणजे एका जनावराचा परवाना, मी त्यालाच बांधला.

हे काही मला पहिल्यांदा कळलं नव्हतं. 1946 साली ब्रिटिश कोलंबियात जॉन नॉस्लर या शिकाऱ्याच्या गोळ्या चिखलाने माखलेल्या मूसवर (एल्कहूनही मोठं हरीण) अशाच हरल्या आणि त्यातूनच मधे आडवी भिंत असलेली त्यांची पार्टिशन गोळी आली. मी हे वाचलं होतं. वाचून सोडून दिलं होतं.

तुम्ही म्हणाल, नेम चुकला. नेम चुकला नाही. पण मी थांबायला हवं होतं, हे खरं. तो वळून माझ्याकडे कूस करून उभा राहिला असता तर तीच गोळी बरगड्यांतून गेली असती आणि आज मी तिचीच शिफारस करत असतो. इतकी वर्षं हे मी कुणाला बोललो नाही.

तांब्याची गोळी अख्खी एका धातूची. टोकाच्या पोकळीतून पाकळ्या उघडतात, वजन बहुतेक सगळं शाबूत राहतं, मांसात शिसं विखरत नाही. ते मांस माझी मुलगी खाते. कोंडोर ही तिथली गिधाडं वाचावीत म्हणून कॅलिफोर्नियाने 1 जुलै 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्या पूर्ण बंद केल्या. भारतातली आपली गिधाडं गुरांना दिलेल्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने गेली, तिथली शिशाने. दोन्हीकडे विष मेलेल्या जनावराच्या मांसातूनच पोटात गेलं. ही कारणं मी लोकांना सांगतो आणि ती मला पटतातही. पण मी बदललो तो त्या एका रात्रीमुळे.

आणि तांब्याने सगळं मिटलं असंही नाही. तांबं शिशाहून हलकं, म्हणून तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते. गोळीला फिरकी देणारे नळीच्या आतले आटे जुन्या रायफलीत सैल असले तर ती हवेत स्थिर राहत नाही. शिवाय उमलायला वेग लागतो. माझ्या सोबत्याच्या आखूड नळीच्या .308 रायफलीतून 400 यार्डांवरून सुटलेली अशी गोळी एका मादीच्या बरगड्यांतून पेन्सिलीएवढं भोक पाडून पार गेली. मादी सापडली, पण तासाभराने. तिथे मऊ शिशाची गोळी बरी ठरली असती, असं तो म्हणाला. मी तेव्हा त्याच्याशी भांडलो. आज भांडणार नाही.

तेव्हा रायफल कुठली, नळी किती लांबीची, आणि जास्तीत जास्त किती अंतरावरून तुम्ही बार काढणार, हे आधी कळवा. अंतर कळल्याशिवाय यंदा मी कुणालाही गोळीचं नाव सांगणार नाही.