बाबांचे पाय आणि मेट्रोनोम

पार्किन्सन्स म्हटलं की लोकांना हात थरथरणं तेवढंच आठवतं, पण आमच्याकडे खरा त्रास पायांचा आहे. बाबा हॉलमधून बरे चालत येतात आणि स्वयंपाकघराच्या दारात पाय फरशीला चिकटल्यासारखे होतात, वरचं अंग पुढे निघालेलं आणि पावलं जागच्या जागी, मागून आई "अहो उचला ना पाय" म्हणते, त्याने ते अजूनच अडकतात आणि वर चिडतात ते वेगळंच.

मग मी टाळ्या वाजवते, एक दोन, एक दोन, आणि निघतात की! फिजिओताईंनी समजावलं की न बघता न मोजता आपण चालतो त्याचं टायमिंग मेंदूतला बेसल गँग्लिया नावाचा भाग सांभाळतो, पार्किन्सन्समध्ये डोपामाइन हे मेंदूतलं रसायन कमी झालं की तिथलं गणित बिघडतं, बाहेरून ठोका मिळाला की मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो. अमेरिकेत मायकेल थाउट आणि त्यांच्या टीमने 1996 मध्येच हे दाखवलं होतं, पेशंट तीन आठवडे रोज अर्धा तास ठेक्यावर चालले आणि वेग वाढला, पाऊलही लांब पडायला लागलं.

घरी आम्ही फोनवर मेट्रोनोम, म्हणजे एकसारखे ठोके देणारं ॲप, लावतो. आधी बाबांची एका मिनिटातली पावलं मोजायची आणि ठोका त्याच्यापेक्षा जरासाच पुढे ठेवायचा, म्हणजे 90 असतील तर 95 वगैरे. फार फास्ट नको, पावलं बारीक होऊन ते पळत सुटल्यासारखे पुढे झुकतात आणि मग तोल जातो. सुरुवातीला तरी शेजारी माणूस हवाच, आणि गोळीचा असर असतानाच करायचं.

नुसत्या टिकटिकीला ते कंटाळतात. भावगीत लावून बघितलं पण त्यात ठेका सापडत नाही, ते नुसते गुणगुणत उभे राहतात :) टाळ-मृदंगाचं भजन मात्र बरोब्बर लागू पडलं, वारीतल्या पावलीसारखं. "मी काय दिंडीत आलोय का" म्हणाले, पण पाय चालू होते.

आता त्यांना डान्सला न्यायचंय. न्यूयॉर्कमध्ये मार्क मॉरिस यांच्या डान्स ग्रुपने 2001 पासून पार्किन्सन्सवाल्यांसाठी क्लास चालवलेत, आपल्या पुण्यातही हृषीकेश पवार यांनी असे क्लास घेतलेत. घराजवळ एक ग्रुप सापडला, पण तो दुसऱ्या मजल्यावर आणि लिफ्ट नाही, म्हणजे कमालच आहे. कोथरूडच्या बाजूला तळमजल्यावरचा कुठला माहीत असेल तर प्लीज सांगा.