इलेक्ट्रॉनिक कुलपाच्या राखीव किल्लीचे भोक : आठ महिन्यांची प्रयोगवही

फेब्रुवारी

डोंबिवलीतील आमच्या घराच्या मुख्य दाराला बोटाच्या ठशाने आणि आकड्यांनी उघडणारे कुलूप बसवून दीड वर्ष झाले होते, आणि त्या दीड वर्षात राखीव किल्ली मी एकदाही वापरली नव्हती. कुलपासोबत आलेल्या दोन्ही किल्ल्या प्लास्टिकच्या पिशवीसकट कपाटात पडून होत्या. सेल बदलताना एकदा किल्लीही चालवून पाहावी असे मनात आले, म्हणून हँडलखालची प्लास्टिकची टोपी नखाने काढली आणि किल्ली घातली, तर ती अर्ध्यावरच अडली. आत काडेपेटीतल्या काडीचा मोडका तुकडा होता. तो कोणी आणि केव्हा घातला हे कळायला काहीच मार्ग नव्हता. जिन्यात खेळणारी मुले असतील, नसतीलही.

नाक्यावरच्या किल्लीवाल्याने वाकवलेल्या तारेने तो तुकडा पाच मिनिटांत बाहेर काढला, पण माझ्या डोक्यातला विषय मात्र तेथून सुरू झाला. रोज वापरातल्या कुलपात कोणी काही कोंबले तर ते त्याच संध्याकाळी समजते. राखीव किल्लीचे भोक मात्र महिनोन्‌महिने बंद राहू शकते, आणि ते बंद आहे हे नेमके इलेक्ट्रॉनिक भाग मान टाकतो त्या रात्री कळते. म्हणून या प्रयोगाचे उद्दिष्ट मी असे ठरवले, की भोकाशी कोणी खेळ केला तर तो शक्यतो अडावा, अडला नाही तर निदान मला कळावा, आणि हे सारे करताना मी स्वतःच दाराबाहेर अडकून पडू नये. तिसरी अट वाटते त्यापेक्षा फार कठीण निघाली.

मार्च

भोकावर झाकण बसवायचा बेत होता, पण प्रथम सिलिंडर, म्हणजे किल्ली ज्यात फिरते तो पितळी भाग, काढून टेबलावर उघडला. दारात बसणाऱ्या कुलपाच्या पेटीत युरोपीय आकाराचा अर्धा सिलिंडर होता : उंची ३३ मिलिमीटर, वरचा गोल भाग १७ मिलिमीटर, आणि दाराच्या कडेने आत जाणारा एक लांब एम५ स्क्रू. आत पिनांच्या पाच जोड्या होत्या. किल्लीच्या दात्यांमुळे या सगळ्या जोड्यांचे सांधे एका रेषेत आले की आतला गोल भाग फिरतो. लायनस येल ज्युनियर यांनी १८६० च्या दशकात ज्या रचनेची पेटंटे घेतली तीच ही रचना. माझ्या सिलिंडरातील वरच्या पाचही पिना सरळसोट दंडगोल होत्या आणि खालच्यांपैकी दोन एकाच उंचीच्या होत्या. ठशाचा वाचक, मोबाइलचे अॅप, चकचकीत काच या सगळ्यावर पैसा खर्च झाला होता आणि या पितळी तुकड्यावर तो वाचवला होता. कुलपाची ताकद त्याच्या सर्वांत दुबळ्या वाटेइतकीच असल्यामुळे, झाकणाआधी सिलिंडर बदलणे क्रमाने योग्य होते. स्वस्त सिलिंडरावर भारी झाकण म्हणजे फाटक्या सदऱ्यावर कोट.

नवा सिलिंडर सहा पिनांचा घेतला. त्यातील काही पिना मध्यभागी कंबर आवळलेल्या, म्हणजे दोऱ्याच्या रिळासारख्या आहेत. तारेने चाचपणाऱ्याला त्या खोटा अंदाज देऊन अडकतात. तोंडाशी ड्रिलला विरोध करणाऱ्या कठीण पोलादी पिना आहेत. येथे माझ्या हातून दोन चुका झाल्या आणि दोन्ही इतरांना टाळता येतील. पहिली म्हणजे लांबीचे माप मी सिलिंडरच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत घेतले, जे एम५ स्क्रूच्या भोकाच्या मध्यापासून बाहेरच्या तोंडापर्यंत घ्यायला हवे होते. परिणामी सिलिंडर दाराबाहेरच्या, कुलपाच्या दर्शनी पट्टीच्या बाहेर ६ मिलिमीटर डोकावू लागला. बाहेर आलेला भाग पकडीत धरून सिलिंडर मधोमध तोडता येतो, कारण स्क्रूच्या भोकापाशी धातू सर्वांत कमी असतो. त्यामुळे ३ मिलिमीटरपेक्षा अधिक भाग बाहेर ठेवू नये. दुकानदाराने कुरकुर न करता बदलून दिला. दुसरी चूक कॅमच्या, म्हणजे किल्लीबरोबर फिरून कुलपाची खिट्टी सरकवणाऱ्या दात्याच्या, दिशेची. अर्ध्या सिलिंडरात, किल्ली काढल्यावर कॅम कोणत्या कोनात थांबतो ते कुलपाच्या पेटीशी जुळावे लागते; माझा जुळत नव्हता, आणि तो फिरवून बसवता येतो हे कळेपर्यंत एक रविवार सरला.

एप्रिल

झाकणाचा पहिला अवतार आज लिहितानाही मला संकोच वाटतो. खेळण्यातल्या विमानांत वापरतात तशी छोटी सर्व्हो मोटर, तिच्या दांड्यावर भोकावरून सरकणारी पत्र्याची झडप, आणि घरातल्या सर्व्हरवरून हुकूम आला की ती उघडणार. दिसायला सुरेख होते. मग कुलपाचे आणि झडपेचे सेल काढून, वाय-फाय बंद करून मी दाराबाहेर उभा राहिलो, आणि दोन मिनिटांनी घंटा वाजवून घरच्यांकडून दार उघडून घेतले.

ज्या घडीला किल्ली लागते त्या घडीला वीज नसते, ही साधी गोष्ट मोटरीच्या मोहात मी विसरलो होतो. माझ्या कुलपाच्या खालच्या कडेला ९ व्होल्टचा चौकोनी सेल टेकवून तात्पुरता पुरवठा देण्याची सोय आहे, परंतु ती फक्त सेल संपल्याच्या प्रसंगी कामाची. पावसाळी ओलाव्याने सर्किट बिघडले, ठशाचा वाचक मेला किंवा मोटरीचे दाते झिजले, तर त्या सेलचा उपयोग शून्य. राखीव किल्लीची वाट विजेच्या भागाशी कोणत्याही धाग्याने बांधलेली असता कामा नये; पाळत विजेवर चालली तरी चालेल, उघडणे नाही. ही ओळ मी वहीच्या पहिल्या पानावर लाल शाईने लिहिली आहे.

दुसरा अवतार चुंबकाचा होता : आत स्प्रिंगची खिट्टी, आणि बाहेरून ठरावीक जागी चुंबक धरला की ती मागे सरणार. तीन आठवडे बरा चालला. पण ज्याच्या हाती बऱ्यापैकी ताकदीचा निओडिमियम चुंबक आहे त्याला पट्टीवरून तो फिरवत नेमकी जागा सापडायला अर्धे मिनिटही लागत नाही, हे भाच्याने सिद्ध करून दाखवल्यावर तो नाद सोडला.

जून

तिसरा अवतार साधा आहे आणि म्हणूनच टिकला. ३०४ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलचा २ मिलिमीटर जाडीचा पत्रा एमआयडीसीतल्या लेझर कटिंगवाल्याकडून लांबट अंड्याच्या आकारात कापून घेतला. वरच्या टोकाला तो एका एम४ बोल्टवर फिरतो. या बोल्टचा नट दाराच्या आतल्या बाजूला असल्याने बाहेरून पकडायला काही नाही. खालच्या टोकाला डोके आत बुडणारा एक स्क्रू आहे, सहा पाकळ्यांचा आणि मध्ये खुंटी असलेला, ज्याला साधा टॉर्क्स, म्हणजे सहा पाकळ्यांचा, पाना लागत नाही.

असा पाना कोणत्याही बऱ्या संचात मिळतो, याची मला कल्पना आहे. २०१२ मध्ये ओनिटी कंपनीच्या हॉटेलांतील कार्ड-कुलपांची खालची जोडणीची खाच हल्ल्यासाठी वापरता येते असे सुरक्षा संशोधक कोडी ब्रोशस यांनी ब्लॅक हॅट या संगणक-सुरक्षा परिषदेत दाखवले, तेव्हा कंपनीने देऊ केलेल्या उपायांत त्या खाचेवर बसणारे बूच आणि असेच विशेष टॉर्क्स स्क्रू होते. त्यावर टीका झाली आणि ती रास्त होती, कारण तेथे मूळ दोष सर्किटात होता आणि बूच त्याला केवळ झाकत होते. माझ्या दारावर झाकणामागे आता चांगला सिलिंडर आहे. झाकणाचे काम रिकामटेकड्या हाताला परतवणे आणि तयारीच्या हाताचा वेळ खाणे एवढेच आहे.

स्क्रूबाबत एक सूचना आवर्जून करतो. स्टेनलेसच्या आट्यांत स्टेनलेसचा स्क्रू वारंवार फिरवला की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना खरवडून चिकटतात आणि एके दिवशी स्क्रू जागीच धरतो. माझा चौथ्या खेपेला धरला. त्यामुळे आता पट्टीत पितळी नट बसवून त्यात स्टेनलेसचा स्क्रू फिरवतो.

जुलै

आमची गॅलरी नैर्ऋत्येला उघडी असल्यामुळे पावसाची झड थेट दारावर येते. पाणी आत जाऊ नये म्हणून झाकणामागे रबराची गॅस्केट सर्व बाजूंनी बसवली होती, आणि तीच भोवली : आत शिरलेल्या दमट हवेला बाहेर पडायला वाव राहिला नाही, तीन आठवड्यांत सिलिंडरच्या तोंडावर हिरवट कळक चढला आणि किल्ली जड फिरू लागली. गॅस्केटचा खालचा ८ मिलिमीटरचा भाग कापून पाण्याला व हवेला वाट दिली, तेव्हापासून त्रास नाही. आत फक्त ग्रॅफाइटची भुकटी घालतो. वडिलांनी मध्यंतरी प्रेमाने खोबरेल सोडले होते. ते धूळ धरते आणि थंडीत गोठते, हे त्यांना पटवण्यापेक्षा सिलिंडर धुऊन घेणे मला सोपे गेले.

ऑगस्ट

आता पाळतीचा भाग. झाकणाच्या मागे ५ मिलिमीटरचा छोटा चुंबक चिकटवला आहे आणि पट्टीच्या आत त्याच्या समोर एक रीड स्विच, म्हणजे चुंबक जवळ असला की आपोआप जुळणारा स्विच. ३०४ प्रतीचे पोलाद चुंबकाला जवळजवळ दाद देत नाही, म्हणून त्यातून क्षेत्र सहज पलीकडे जाते. झाकण जागेवर असताना सर्किट जुळलेले राहते. झाकण सरकले किंवा कोणी तार तोडली, तर दोन्ही प्रसंगी ते तुटते आणि इशारा जातो. उलट जोडणी केली असती तर तुटलेली तार म्हणजे सारे क्षेम असा अर्थ झाला असता. बाहेरून मोठा चुंबक लावून रीडला फसवता येते, म्हणून थोड्या अंतरावर दुसरा रीड आहे, जो माझ्या छोट्या चुंबकाने जुळत नाही, पण मोठ्या चुंबकाने जुळतो; तो जुळला तरी इशारा जातो.

संदेश पाठवायला ईएसपी३२ ही वाय-फाय असलेली छोटी चिप आहे, दाराच्या आतल्या बाजूला, कुलपापासून वेगळ्या तीन सेलवर. तयार बोर्ड झोपेतही सुमारे ९ मिलिअँपिअर खात होता, म्हणजे २००० मिलिअँपिअर-तासांचे सेल नऊ-दहा दिवसांत रिकामे. दोष चिपचा नसून बोर्डावरील रेग्युलेटर (व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग), यूएसबीची चिप आणि सतत जळणाऱ्या दिव्याचा होता. सुटे मॉड्यूल आणि स्वतः फार कमी प्रवाह घेणारा रेग्युलेटर वापरल्यावर मीटरवर २५ मायक्रोअँपिअरच्या आसपास आकडा आला. रीड कायम जुळलेला असल्याने त्याच्या पुल-अप रोधातूनही (स्विचची तार पुरवठ्याशी जोडणाऱ्या रोधातूनही) अखंड प्रवाह वाहतो, हे ध्यानात ठेवावे : १० किलोओहमला ३३० मायक्रोअँपिअर, तर १ मेगाओहमला ३.३. वाय-फाय सुरू होताना मॉड्यूल पुन्हा पुन्हा रीसेट होत होते, ते पुरवठ्याशी ४७० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर जोडल्यावर थांबले. मॉड्यूल दिवसातून एकदा जागे होऊन हजेरीचा संदेश पाठवते, आणि हजेरी चुकली की सर्व्हर मला कळवतो. पाळत ठेवणाराच गुपचूप मेला, तर फेब्रुवारीतल्या काडीची कथा नव्याने घडेल.

कंपनाचा सेन्सरही बसवून पाहिला होता. गणपतीच्या तोंडावर मागच्या मैदानात ढोल-ताशा पथकाचा सराव सुरू झाला आणि एका संध्याकाळी फोनवर एकेचाळीस इशारे आले. तो काढून टाकला.

सप्टेंबर

किल्ली आणि पाना एका लखोट्यात घालून समोरच्या काकूंकडे ठेवले आहेत. बाहेर झाकणाच्या स्क्रूवर चमकी असलेल्या नखरंगाचा एक थेंब आहे. चमकीचे कण दर वेळी वेगळेच पडतात, म्हणून थेंबाचा फोटो फोनमध्ये ठेवला की कोणी स्क्रू फिरवून पुन्हा रंग लावला तरी फरक दिसतो. दर संकष्टीला झाकण उघडायचे, किल्लीने कुलूप फिरवायचे, थेंब नवा लावायचा असा नेम केला आहे. तारीख मी विसरलो तरी काकू विसरत नाहीत, सकाळीच विचारतात, "काय रे, आज दार उघडायचं ना?" पहिल्या खेपेला अंधारात, फोनच्या उजेडात, हे सारे करायला १ मिनिट ४० सेकंद लागली होती. आता चाळीस सेकंदांत होते.

आतले हँडल खाली दाबले की दार नेहमीसारखेच उघडते, त्या बाजूला मी काहीही बसवलेले नाही आणि बसवणारही नाही. आग लागली तर बाहेर पडणाऱ्याला स्क्रूड्रायव्हर शोधावा लागू नये.

एक शंका अजून मला छळते. पूर्वी प्लास्टिकच्या टोपीमुळे भोक कोठे आहे हे अनेकांना समजतही नसे; आता पोलादी झाकण ते बोट दाखवून सांगते. कुलपाच्या अंगाशी मिळता काळा रंग दिल्यावर ते बरेच लपले, तरी पूर्णपणे नाही.

ऑक्टोबर

राहिलेला धोका म्हणजे स्क्रूच्या पाकळ्यांतच कोणी झटपट चिकटणारा गोंद भरणे. जुन्या झाकणावर मुद्दाम तसे केले, रात्रभर सुकू दिले, आणि सकाळी अॅसिटोनमध्ये भिजवलेला कापूस वीस मिनिटे दाबून ठेवला. गोंद मऊ पडला, टाचणीने कोरून काढता आला आणि एकूण अर्ध्या तासात पाना बसला. अॅसिटोन असलेला नखरंग उतरवण्याचा द्रव लखोट्याशेजारी ठेवला की हा प्रसंग निभावतो. मात्र त्या द्रवाने नखरंगाचा थेंब तर गेलाच, झाकणावरचा काळा रंगही पोपडे धरून उतरला. पुढचे झाकण पावडर कोटिंग करून घ्यायला टाकले आहे. ते अॅसिटोनला किती दाद देते हे ते हाती आल्यावर याच रीतीने तपासून नोंदवीन.