एक जूनवाले

१ जून, रात्री

सकाळपासून गावाकडच्या ग्रुपवर नुसते फेटे आणि केक. निम्म्या वर्गाचा आज वाढदिवस. कुणी बॅनर लावलाय, कुणी मुलाला मोटारसायकलवर बसवून फोटो टाकलाय. आणि या सगळ्यांचा कागदावरचा जन्म एकाच माणसाच्या हातून झालेला. आमच्या दादांच्या, म्हणजे वडिलांच्या. ते माघात गेले, म्हणून यंदा त्यांना स्वतःला शुभेच्छा द्यायच्या राहिल्या. त्यांचीही तारीख एक जूनच.

पाटोदा तालुक्यात, बालाघाटाच्या डोंगरात एक वाडी आणि तिला लागून तांडा. शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत, दोनशिक्षकी. त्यातले दुसरे गुरुजी बहुधा बदलीच्या खटपटीत. जून उजाडला की दादा दाखल करायच्या मुलांची यादी घेऊन घरोघर फिरायचे. 'जन्म कधीचा?' या प्रश्नाला तारखेत उत्तर कधीच यायचं नाही. 'पाऊस लागला तव्हा झालं बगा.' 'थोरलीच्या लग्नात मांडीवर व्हतं.' 'मिलो खायचो त्या साली पोटात व्हता.' मिलो म्हणजे बहात्तरच्या दुष्काळात अमेरिकेहून आलेली लाल ज्वारी. एवढ्यावरून दादा साल काढायचे. दिवस आणि महिना सरकारला हवा म्हणून एक जून. शाळा जूनमध्ये उघडते, वयाचा हिशेब सरळ बसतो. मग जनरल रजिस्टरात अंकी आणि अक्षरी, 'एक जून एकोणीसशे त्र्याहत्तर', टाक बुडवून, शिरोरेघ न मोडता.

त्यांचं स्वतःचंही असंच ठरलेलं. आजी सांगायची, रझाकारांच्या धामधुमीत रानात लपलो तेव्हा हा कडेवर होता. त्यावरून कुण्या गुरुजींनी १ जून १९४७ लावली. एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्त होतो. त्यामुळे ३१ मे २००५ ला पंचायत समितीच्या हॉलात गुरुजींची रांग लागलेली. तीच शाल, तोच नारळ, माईकवर तेच भाषण, फक्त नाव बदलून.

हल्ली या एक जूनवर विनोद फिरतात, की गुरुजींना कंटाळा होता. मला ते अजिबात पटत नाही. कंटाळा असता तर ही पोरं पटावर आलीच नसती.

खरी ओढाताण दसऱ्यानंतर, घरंच्या घरं ऊसतोडीला निघायची तेव्हा. टोळी नेणाऱ्या मुकादमाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घरात येऊन संपलेलीही असायची. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. ट्रकमध्ये भांडीकुंडी, शेळी, कोंबड्या, लेकरं, सगळं एकावर एक. परत यायचे ते उन्हाळा लागल्यावर. ट्रक भरायच्या आदल्या रात्री दादा तांड्यावर जाऊन बसायचे आणि एकेका म्हातारीची मनधरणी करायचे, की नातू तरी मागं ठेव. 'गुर्जी, मला भाकरी थापणं हुईना, ह्याला काय घालू?' असं म्हातारी म्हणाली की ते पोर आमच्या घरी. आईला विचारायची पद्धत नव्हती. संध्याकाळी ओट्यावर दप्तराच्या पिशव्या किती दिसतात त्यावर ती पिठाचा अंदाज करायची. त्या निरोप समारंभात तिचं नाव कुणी घेतलं नाही. (आई यावर हसते. मी हसत नाही.)

जी मुलं गेलीच, त्यांची नावं कमी करायला दादा तयार नसत. तपासणीला विस्तार अधिकारी आले की हजेरीतली खाडाखोड बघून चिडायचे, 'सतत गैरहजर' शेरा मारून नाव काढा म्हणायचे. दादा मान हलवायचे, चहा पाजायचे आणि नाव तसंच ठेवायचे. पोर एप्रिलात उन्हानं काळवंडून परत आलं की आपल्या जागेवर बसायचं. अंकलिपी विसरलेलं असायचं, पण दाखल्यासाठी पुन्हा कुणाच्या दारात उभं राहावं लागायचं नाही.

शाळेत मी त्यांना गुरुजी म्हणायचं आणि घरी दादा. वर्गात चुकून दादा निघालं की सगळे खिदळायचे आणि ते मुद्दाम फळ्याकडे बघत राहायचे. १९७७-७८ च्या हिवाळ्यात सरकारी कर्मचाऱ्यांचा ५४ दिवसांचा संप झाला, तेव्हा मी पहिलीत. शाळेला कुलूप, पगार बंद. दादा दिवसाढवळ्या घरात दिसायला लागले तर मला वाटलं आजारी आहेत. त्यांनी चुलीतल्या कोळशानं मागच्या भिंतीवर पाढे लिहायला लावले. आई भिंत पोतारायला आली की सातचा पाढा नेमका तिच्या हाताखाली यायचा. पुसला की पुन्हा लिहायचा. सात नव्वं त्रेसष्ट मला झोपेतही येतं.

मला मात्र एक जून मिळाला नाही. माझा जन्म एकाहत्तरच्या श्रावणातला, दादांनी पंचांगाच्या समासात वेळेसकट टिपलेला. रजिस्टरात तोच लागला. सोबतचे गुरुजी म्हणाले होते म्हणे, एखादं वर्ष कमी लावा, नोकरीत कामाला येईल. दादांनी लावलं नाही.

पण बहुतेक तेव्हाच त्यांच्या डोक्यात काहीतरी शिरलं असावं. कारण त्यांच्या एका दोनशे पानी वहीतली पहिली नोंद अठ्ठ्याहत्तरची आहे. वाडीत, तांड्यावर मूल जन्मलं की दादा जाऊन तारीख टिपून यायचे. 'रामनवमीच्या आदल्या दिवशी, पहाटे, मुलगी. आईची तब्येत बरी.' पुढे इंग्रजी तारीख. काही नोंदींत 'जन्म कारखान्यावर, कोपीत. मुकादमाकडून खात्री केली.' कोपी म्हणजे ऊसतोड्यांची झोपडी. म्हणजे ट्रक परत आले की मुकादमाला गाठून विचारलेलं. सहा वर्षांनी ती मुलं शाळेत आली, तेव्हा त्यांच्यासाठी खरी तारीख तयार होती. चौऱ्याऐंशीनंतर त्या रजिस्टरात सगळे महिने दिसायला लागतात. सरकारनं सांगितलेलं हे काम नव्हतं आणि त्यांनी कधी बोलूनही दाखवलं नाही. वही तेरवीनंतर ट्रंकेत सापडली.

दुपारी तांड्यावरच्या एकीचा फोन आला. आता लातूरला नर्स आहे. तिला कुणीतरी वहीबद्दल सांगितलेलं. तारीख तिला माहीत आहे, ती खरीच लागली आहे. दाखल्यावर जन्मस्थळ म्हणून वाडीचं नाव आहे, पण आई म्हणायची तू उसात झालीस. कुठल्या कारखान्यावर, ते विचारायच्या आत आई गेली. पान शोधलं, फोटो काढून पाठवला. दादांचं अक्षर तिला लागेना, म्हणून फोनवर वाचून दाखवलं. कारखान्याच्या नावावर नेमकी शाई फुटली आहे, पहिलं अक्षर 'वा' एवढंच दिसतं. आईला भिंग देऊन बसवलं होतं, तिलाही लागलं नाही. त्या साली टोळी घेऊन गेलेला मुकादम अजून आहे म्हणे, जामखेडला मुलाकडे असतो. नंबर मिळवते उद्या.